मुलाला तपासलंत, घराला कधी विचारणार?

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि शालेय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या मुलांच्या घरावरचा ताण मोजण्याबाबत.

महोदय, महोदया,

गेल्या वर्षी मी एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला होता. मागणी छोटी होती. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाने ज्या मुलाच्या कार्डावर एडीएचडीची शंका नोंदवली, त्याच्या आईवडिलांनाही पुढच्या तपासणीत काही प्रश्न विचारावेत. रात्री झोप लागते का? घरात भांडणं वाढली आहेत का? मुलावर हात उठतो का? मदतीला कोण आहे? रीतसर जावक क्रमांक टाकून उत्तर आलं: विहित नमुन्यात तशी तरतूद नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तरतूद नाही हे मला माहीत होतं. ती असती तर अर्ज कशाला केला असता?

म्हणून आता उघडपणे लिहितो आहे. पत्र आपल्या नावाने आहे, पण ज्या घरांत गृहपाठाची वही उघडली की आवाज चढायला लागतात, त्या घरांनीही ते वाचावं.

मी कराड तालुक्यात राहतो आणि जमीन मोजणीची खासगी कामं करतो. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, घरात माझी आईही आहे. मुलगा दुसरीत असताना त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं. पोरगा हुशार आहे, मायाळू आहे, कुत्र्यामांजरांचा तर जीव की प्राण आहे. पण त्याच्यासोबत गणिताचं एक पान सोडवून घेणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. खाली पडलेली पेन्सिल उचलायला गेलेला मुलगा गच्चीवर सापडतो. त्याची आई एका पतसंस्थेत कामाला होती. शाळेतून दुपारचे फोन सुरू झाले, "आजचा दिवस घेऊन जा." शेवटी तिने नोकरी सोडली. तिचा तो बुडालेला पगार उपचाराचा खर्च म्हणून आजवर कुठल्याही कागदावर लागलेला नाही.

माझ्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. ज्या जमिनीची मोजणी झालेली नसते, तिच्या बांधावरून भाऊ भाऊ वर्षानुवर्षं भांडतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने सरकवला. मोजणीने भांडण मिटतंच असं नाही, पण कुणाचं किती हे निदान कागदावर येतं. घरातल्या ताणाचंही हेच होतं. तो मोजला जात नाही, म्हणून कुणाच्या तरी नावावर चढवला जातो. आईने लाडावून ठेवलंय. बापाचा धाक नाही. आजी मध्ये पडते. दोघंही मोबाईलवर असतात, मग मूल दुसरं काय शिकणार? नातेवाईक, शेजारी, शिक्षक, सगळ्यांकडे निकाल तयार असतो, आणि बहुतेक वेळा तो आईच्या विरोधात असतो. हा निकाल बदलायचा तर आकडा हवा. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळा त्याचा खुलासा.

मोजणी होत नाही असं नाही. मुलाची भरपूर होते. निदानाच्या वेळी आम्हाला वँडरबिल्ट नावाची प्रश्नावली दिली होती. पालकांसाठी 55 प्रश्न, शिक्षकांसाठी 43. लक्ष देतो का, वस्तू हरवतो का, बसल्या जागी चुळबुळ करतो का, उलट बोलतो का. शेवटी पालकांशी त्याचं नातं कसं आहे यावर एक ओळ आहे, तीही मुलाची कामगिरी म्हणून. त्याला आमच्याशी जमवून घेता येतं का, हे विचारलंय. आम्हाला काय होतंय, याला जागा नाही. प्रश्नावलीला दोष देत नाही, ती त्या कामासाठी बनलेलीच नाही. तक्रार अशी की तिच्यानंतर दुसरा कागद कुणी पुढे करत नाही.

तसा कागद जगात आहे, आणि बऱ्याच काळापासून आहे. रिचर्ड अबिडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 'पॅरेंटिंग स्ट्रेस इंडेक्स' 1983 सालचा. त्याच्या छोट्या रूपात 36 प्रश्न आहेत आणि त्यांचे तीन भाग पडतात: पालकाला स्वतःला होणारा त्रास, पालक आणि मूल यांच्यातलं बिघडलेलं देणंघेणं, आणि मूल सांभाळायला किती अवघड आहे. ही विभागणी मला महत्त्वाची वाटते. दोन घरांची बेरीज सारखी आली तरी एका घरात आईला नैराश्याने घेरलेलं असू शकतं आणि दुसऱ्या घरात आई ठणठणीत, पण मूल रात्री दोनपर्यंत जागं. दोन्ही घरांना "धीर धरा, मोठा झाला की शांत होईल" असं एकच औषध देऊन कसं चालेल? 1995 साली बेरी आणि जोन्स यांनी केलेली 18 प्रश्नांची आणखी एक प्रश्नावली आहे. तिच्यात त्रासाबरोबर मुलामुळे मिळणाऱ्या आनंदाबद्दलही विचारलं आहे. असा प्रश्न आम्हाला कुणी विचारला तर आम्ही चक्रावून जाऊ. पण उत्तर देऊ, आणि ते उत्तर वाईट नसेल.

भारतातही हे काम झालेलं आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 1990च्या दशकातच बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुटुंबांच्या गरजा आणि ताण समजून घेण्याची साधनं बनवली. एडीएचडीच्या निदानासाठी इन्क्लेन या संस्थेच्या पुढाकाराने आपल्याकडच्या तज्ज्ञांनी स्वतःचं साधन तयार केलं, त्याची पडताळणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे कुटुंबाला विचारायचं कसं हेही आपल्याला येतं आणि एडीएचडी ओळखायचा कसा हेही येतं. दोन्ही गोष्टी जिल्हा रुग्णालयाच्या एकाच टेबलावर आणायचं तेवढं राहून गेलंय.

ताण सगळ्याच आईबापांना असतो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. 2013 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांवरचा ताण इतर पालकांपेक्षा जास्त निघाला आणि लक्षणं जितकी तीव्र तितका तो वाढलेला दिसला. मुलाची वागणूक आक्रमक असेल किंवा पालकाला नैराश्य असेल तर त्याची भर पडत होती. दुसऱ्या तक्रारींसाठी दवाखान्यात आणलेल्या मुलांच्या पालकांशी तुलना केली, तेव्हा मात्र फारसा फरक आढळला नाही. हा शेवटचा मुद्दा आपण नीट वाचावा: आमच्या घरांवरचा ताण इतर निदानांच्या घरांइतकाच आहे, तरी सवलतींच्या यादीत आमचं नाव नाही. माझी पहिली तक्रार तिथूनच सुरू होते.

शाळेत येणारं आरोग्य पथक ज्यातून येतं तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला तो आपल्याच राज्यात, पालघरला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ज्या 30 गोष्टी शोधायच्या, त्यांच्या यादीत एडीएचडी स्पष्ट शब्दांत आहे. चांगली गोष्ट आहे. तीन वर्षांनी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 आला. त्याच्या यादीत 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडी नाही. एका यादीत नाव आहे म्हणून मूल शोधायचं आणि दुसऱ्या यादीत नाही म्हणून ते सोडून द्यायचं, हा कुठला न्याय? त्यातही शोधमोहीम सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला तेही नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयकरातली सवलत नाही. निरामय विमा योजना 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या मोजक्या प्रकारांसाठी आहे, तिथेही आमच्या मुलांचं नाव नाही. परीक्षेतल्या जादा वेळासाठी कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून राहायचं.

यातून जे घडतं ते सांगताना लाज वाटते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. त्यामुळे एडीएचडी असलेल्या मुलाचे आईबाप मनातल्या मनात आशा धरतात की याला डिस्लेक्सियाही (वाचनातली अध्ययन अक्षमता) निघावा. आपल्या मुलात आणखी एक दोष सापडावा म्हणून रांगेत उभ्या असलेल्या बाईचा ताण किती, हे कुठल्या प्रश्नावलीत बसेल ते मला सांगता येत नाही. काही ठिकाणी मानसिक आजाराच्या रकान्यातून प्रयत्न करा असं सुचवतात. नऊ वर्षांच्या मुलाच्या नावापुढे ते लिहून घ्यायला किती घरं तयार होतील?

दुसरी तक्रार औषधाची. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत मोडतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची, आणि ते विकायला वेगळा परवाना लागतो. नियमाला माझा विरोध नाही. या औषधाचा गैरवापर होऊ शकतो, त्यावर लक्ष हवंच. पण त्याचा परिणाम असा की तालुक्याच्या गावात बहुतेक दुकानदार ते ठेवतच नाहीत. महिना संपत आला की फोनाफोनी सुरू होते, पुण्याहून येणाऱ्या कुणाला तरी सांगायचं, चिठ्ठीची तारीख उलटली तर परत डॉक्टरांकडे जायचं. गोळ्या संपल्या आणि मिळाल्या नाहीत, तर तो आठवडा घरात कसा जातो याची नोंद कुणाकडे आहे?

आता यातली खरी मेख. आमच्या मुलाला मिळते ती गोळी साधारण चार तास काम करते. एक सकाळी, एक डब्याच्या सुट्टीत. दुपारची गोळी द्यायची जबाबदारी शाळा घेत नाही, म्हणून ती द्यायला आई जाते. उशिरा दिली तर झोप उडते, म्हणून संध्याकाळी देता येत नाही. परिणामी शाळेला मुलगा भेटतो तो गोळीच्या अंमलात, आणि आम्हाला भेटतो तो अंमल उतरल्यावर. थकलेला, भुकेला, चिडलेला, पुढ्यात गृहपाठ. काही मुलांना त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त चिडचिड होते, हे डॉक्टरही सांगतात. सहामाहीला शिक्षकांचा कागद येतो: बरीच सुधारणा. तो कागद खोटा नाही. पण त्याच काळात माझी बायको स्वयंपाकघराचं दार लावून रडते, हेही खोटं नाही. उपचाराचा गुण फक्त शाळेत मोजलात तर यश दिसेल, कारण औषधाचे तास आणि शाळेचे तास एकच आहेत. उरलेले तास कुणाच्या हिशेबात धरणार? ताण मोजायला हवा याला मला याहून भक्कम कारण सापडत नाही. गृहपाठ कमी करणं, जास्त तास टिकणाऱ्या गोळीचा विचार करणं, संध्याकाळी तासभर मूल सांभाळायला कुणी देणं, यातलं काय करायचं ते डॉक्टरांना घरची संध्याकाळ कळल्याशिवाय ठरवता येणार नाही.

तिसरी तक्रार शालेय शिक्षण विभागाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतं. काढून कुणी टाकत नाही, खरं आहे. "याला सूट होईल अशी शाळा बघा" असं प्रेमाने सुचवतात, दर पालकसभेनंतर. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर "काही मुलांमुळे वर्गाला त्रास होतोय" असा निरोप येतो, नाव न घेता. गावात नाव घ्यायची गरज कुणाला असते? शिक्षकांवर मी रागावलेलो नाही. चाळीस-पन्नास पोरं समोर असताना एकाच्या मागे धावणं सोपं नाही, आणि विशेष शिक्षक किती शाळांना मिळून एक आहे ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

चौथी तक्रार थोडी नाजूक आहे: विचारायचं कुणाला आणि कुठे. आजवर जे काही विचारलं जातं ते आईला, आणि तेही ओपीडीच्या दारात, मागे रांग, शेजारी सासू आणि मांडीवर तेच मूल. तिथे "घरी सगळं ठीक आहे ना?" याचं उत्तर "हो" असंच येणार. परदेशी प्रश्नावल्या करणाऱ्यांनाही हे माहीत आहे. अबिडिन यांच्या प्रश्नावलीत पालक सगळं छान छान सांगतोय का, हे ओळखायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. आपल्याकडे ती आणखी लागेल. हात उठतो का, या प्रश्नाला तर कायद्याच्या भीतीने कुणी खरं उत्तर देणार नाही. ते उत्तर पोलिसांकडे नाही तर समुपदेशकाकडे जाईल, असा विश्वास आधी द्यावा लागेल.

नुसतं भाषांतर करूनही भागणार नाही. तिकडच्या प्रश्नावल्या आई, वडील आणि मूल एवढंच घर धरून चालतात. आमच्या घरात आजी आहे, जी माझ्या आणि बायकोच्या भांडणात नातवाच्या बाजूने बोलते आणि दुपारी त्याच्यामागे धावून संध्याकाळी गुडघे धरून बसते. तिच्या ताणाचं काय? मुलगी आठवीत आहे. भावाने वह्या फाडल्या तरी "तू मोठी आहेस, समजून घे" हे तिने ऐकायचं. ती कधी तक्रार करत नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते. लग्नकार्याला न जाणं, भाड्याचं घर बदलायला लागणं, माहेरच्यांनी "आमच्याकडे असं कुणी नव्हतं" म्हणणं, हे आपल्याकडचे प्रश्न आहेत. ते आपल्याकडच्याच बायकांना विचारून लिहावे लागतील, नंदुरबारच्या वेगळे आणि नालासोपाऱ्याच्या वेगळे.

आणखी एक गोष्ट. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, संशोधक तो सुमारे 70 ते 80 टक्के धरतात. याचे दोन अर्थ होतात. एक, हे आईच्या लाडाने होत नाही, हे आता तरी मोठ्या अक्षरांत लिहून दवाखान्यात लावा. दोन, समोर बसलेल्या आईबापांपैकी एखाद्याला स्वतःलाच तीच अडचण असण्याची शक्यता बरीच आहे. ज्या माणसाला आयुष्यभर कागद सांभाळता आले नाहीत, तारखा लक्षात राहिल्या नाहीत, त्याच्याकडून आपण फाईल, झेरॉक्स, दोन प्रतींतली चिठ्ठी आणि पुढच्या तपासणीची तारीख मागता. ती चुकली की "पालक बेफिकीर" असा शेरा.

बालमानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेत, याबद्दल वेगळं लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.

आता मागण्या.

शाळेतल्या तपासणीनंतर मुलांना जिथे पाठवतात त्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात एडीएचडीच्या शंकेने आलेल्या प्रत्येक मुलाच्या घराला ताणाची छोटी प्रश्नावली द्यावी. आरोग्य पथकातल्या चौघांवर शाळेत हे काम टाकू नये, त्यांना आधीच वेळ पुरत नाही. केंद्राच्या पदांच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक आहेत, ती पदं भरावीत आणि हे काम त्यांना द्यावं. विचारताना आई, वडील आणि मुलाला प्रत्यक्ष सांभाळणारं माणूस यांना वेगवेगळं, एकांतात विचारावं. लिहिता न येणाऱ्याला वाचून दाखवावं. सहा महिन्यांनी परत विचारावं, कारण एकदाच घेतलेल्या आकड्यातून उपचाराचा घराला उपयोग झाला का ते कळत नाही.

प्रश्नावली मराठीत नव्याने तयार करावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार आणि बालरोग विभागांना हे काम सोपवावं, पालकांना त्यात बसवावं, आणि शहरात, गावात, आदिवासी तालुक्यांत तपासून मगच वापरावी. अहिराणी, गोंडी, उर्दू बोलणाऱ्या घरांना त्यांच्या बोलीत विचारता आलं पाहिजे. ती कुणालाही फुकट वापरता यावी, दर कागदामागे पैसे मोजावे लागू नयेत.

उत्तरं गुप्त राहतील असा लेखी आदेश काढावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, तोच इथे लावावा. हा आकडा शाळेकडे जाऊ नये, प्रवेशाच्या वेळी मागितला जाऊ नये, आणि नवरा-बायकोच्या खटल्यात "बघा, हिला मूल सांभाळता येत नाही" म्हणून कुणाच्या हाती लागू नये. याची खात्री देता येत नसेल तर मोजणी करूच नका. हे मी, मोजणी मागणारा माणूस, लिहितो आहे.

ज्या आकड्यापुढे काही करायचं नाही, तो गोळा करू नये. ताण ठरावीक पातळीपुढे गेलेला दिसला की काय मिळेल ते आधीच ठरलेलं हवं: पालकांसाठी मराठीतून प्रशिक्षणाचे गट, आईवडिलांच्या नैराश्याची तपासणी आणि उपचार, भावंडासाठी समुपदेशन. इंग्लंडमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांच्या स्वतःच्या गरजा तपासणं 2014 च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाचं काम ठरवलं आहे. आपल्याकडे टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे. तिथल्या समुपदेशकांना एडीएचडीच्या घरांसाठी वेगळं प्रशिक्षण दिलं तर निम्मी सुरुवात उद्यापासून होईल.

मेथिलफेनिडेट प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या औषधालयात आणि प्रत्येक तालुक्यात निदान एका ठिकाणी मिळेल अशी व्यवस्था करावी. नियम तेच ठेवा, साठा ठेवा. डब्याच्या सुट्टीतली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार शाळेने द्यावी, असं परिपत्रक शालेय शिक्षण विभागाने काढावं.

शाळा बदलण्याचा तोंडी सल्ला बंद व्हावा. मुलाबद्दल जे सांगायचं ते शाळेने पालकांना वेगळं आणि लेखी सांगावं, गटावर नाही. प्रत्येक शाळेत अशा घरांशी बोलणारी एक व्यक्ती ठरलेली असावी. वर्षाकाठी वर्गशिक्षक बदलतो आणि आम्ही पहिल्यापासून रामायण सांगतो.

2016 च्या कायद्याच्या यादीत भर घालायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. एडीएचडीचा त्यात समावेश करण्याची शिफारस राज्याने करावी. तो होईपर्यंत राज्य मंडळाच्या परीक्षांत नुसता एडीएचडी असलेल्या मुलांनाही सरकारी डॉक्टरांच्या शिफारशीवर जादा वेळ आणि वेगळी खोली मिळावी. यासाठी दिल्लीची वाट बघावी लागेल असं मला वाटत नाही. लागत असेल तर तसं लेखी कळवावं.

आणि वर्षातून एकदा, नावं न घेता, जिल्हावार आकडे जाहीर करावेत: किती घरांना विचारलं, किती घरांत ताण जास्त निघाला, त्यातल्या किती घरांना मदत पोहोचली, सहा महिन्यांनी किती फरक पडला. शेवटचे दोन आकडे लपवायचे असतील तर पहिले दोनही छापू नका.

माझ्या मागच्या अर्जाला विहित नमुन्याचं कारण दिलं होतं. नमुने आपणच विहित करता. नवीन शैक्षणिक वर्षाची कार्डं आणि तक्ते जूनच्या आधी छपाईला जातील, त्यापूर्वी या पत्रावर निर्णय व्हावा आणि तो कुठल्या अधिकाऱ्याकडे आहे हे जाहीर करावं. नकार द्यायचा असेल तर या वेळी कारण लिहावं.

आपला,
एक पालक
कराड तालुका, जि. सातारा